मदत हवी आहे: मायक्रोसॉफ्ट मनीतला जुना हिशेब ग्नूकॅशमध्ये न्यायचाय (नागपूर)

नमस्कार मंडळी. ग्नूकॅश (हिशेब ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर) मायक्रोसॉफ्ट मनी या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फाइल थेट उघडत नाही, म्हणून प्रत्येक खात्याची वेगळी क्यूआयएफ फाइल (नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइलप्रकार) काढलीय. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर आहे.

बचत खातं आणि रोख नीट आले. फाइली एकेक करून आयात केल्या की एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम दोनदा चढते, कारण ती नोंद दोन्ही फाइलींत असते. सगळ्या एकाच आयातीत भरल्या तर जोड्या जुळतात. तारखेला फार जपावं लागतं: ०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? इथं चुकलं की नोंद थेट पुढच्या आर्थिक वर्षात. क्रम दिवस-महिना-वर्षच निवडायचा.

अडलंय ते म्युच्युअल फंडांत. युनिट तीन दशांशांपर्यंत असतात. आयातीनंतरची बेरीज फंडाच्या स्टेटमेंटशी जुळत नाही. लाभांश पुन्हा गुंतवलेल्या नोंदींवर जास्त संशय आहे. फंड आधी हातानं तयार करून, अपूर्णांक १/१००० (म्हणजे युनिटांचे तीन दशांश) ठेवून मग आयात करावी का? की गुंतवणूक खाती सोडून आजची शिल्लक युनिटं आणि मूळ खरेदी किंमत नव्यानं भरणं बरं? भांडवली नफ्यासाठी जुन्या खरेदीच्या तारखा मात्र हव्यातच.

कोणी हे केलं असेल तर सांगा ना. सीताबर्डी-धरमपेठेकडे लॅपटॉप घेऊन येता येईल.