मदत हवी आहे: स्वराज द्वीपावर (हॅवलॉक) मुक्काम नेमका कुठे करावा?

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन नाशिकहून अंदमानला जातोय. विमान आणि बोटीची तिकिटं झाली आहेत. स्वराज द्वीपावर चार रात्री निवांत राहायचंय, स्कूबा वगैरे काही नाही. आईचे गुडघे दुखतात, पण समुद्रात बसून लाटा अंगावर घ्यायची तिला फार हौस आहे, आणि ती पुरी व्हायलाच हवी.

बेटावरच्या गोविंदनगर-विजयनगर किनाऱ्यांकडे जेट्टी जवळ, हॉटेलं भरपूर. पण ओहोटीला तिथे पाणी लांबवर मागे सरतं आणि खडक-प्रवाळ उघडे पडतात. राधानगर किनाऱ्याची वाळू मऊ, पण ते जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर, राहायची सोय मोजकी आणि महाग. हॉटेलांना फोन केले तर सगळ्यांचं एकच, ‘समुद्र समोरच आहे!’ नाशिकचे टूरवाले एका रात्रीपलीकडे बोलत नाहीत.

बजेट खोलीमागे रोज चार हजार, जेवण शाकाहारी. स्कूटर नको, रिक्षा चालेल. सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास होतो, म्हणून परतीची काळजी वाटते.

ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं: विजयनगरला राहून रोज दुपारी राधानगरला जाणं जमतं का, आणि अंधार पडल्यावर परतीची रिक्षा तिथेच मिळते की आधीच ठरवून थांबवावी लागते?