मदत हवी आहे: वेगवेगळ्या प्रदेशांतल्या इंधनदरांची तुलना नेमकी करायची कशी?

नमस्कार मंडळी,

गेले दोन आठवडे एका तक्त्यानं डोकं खाल्लंय. कुठल्या देशात, कुठल्या राज्यात गाडीवाल्याला पेट्रोल स्वस्त पडतं याची यादी करायला बसलो. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. दर शोधायचे, एका चलनात आणायचे, चढत्या क्रमानं लावायचे, संपलं. प्रत्यक्षात रोज एखादी नवी चूक सापडते आणि खालचा वर, वरचा खाली होतो.

पहिली चूक सांगायलाही लाज वाटते. अमेरिकेचा दर गॅलनला असतो म्हणून ४.५४६ ने भागलं. पण तो ब्रिटिश गॅलन. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचाच. अमेरिका माझ्या तक्त्यात आहे त्यापेक्षा जवळजवळ १७ टक्के स्वस्त दिसत होती आणि मी खुशाल त्यावरून घरच्यांना व्याख्यान दिलं होतं.

दुसरी गोची ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोल इंजिनात किती दाब सोसतं त्या आकड्याची. अमेरिकेत पंपावर ८७ लिहिलेलं, युरोपात ९५. मला वाटलं तिकडचं पेट्रोलच हलकं. मग कळलं की युरोपात लिहितात तो रिसर्च ऑक्टेनचा आकडा, आणि अमेरिकेत लिहितात ती रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांची सरासरी. तिथलं ८७ युरोपीय मोजणीत साधारण ९१-९२ भरतं. म्हणजे फरक आहे, पण दिसतो तेवढा नाही.

आता प्रश्न असे की दर कर धरून घ्यायचा की वगळून? कुठल्या दिवसाचा घ्यायचा? आणि लिटर हे माप तरी बरोबर आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "गूगल करा" असं कृपया कुणी लिहू नये, तेच करून इथवर पोचलोय.

प्रतिसाद १

आधी हे सांगा, तक्ता कशासाठी हवाय? कुठलं सरकार किती कर घेतं हे बघायचं असेल तर एक तक्ता, आणि टाकी कुठे फुल्ल करायची हे ठरवायचं असेल तर अगदी वेगळा. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबायला गेलात तर वेड लागेल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. गाडीवाल्याच्या दृष्टीनं कर वगळलेल्या दराला काही अर्थ नाही, पंपावर तो मिळणारच नाही. पण कराचा रकाना शेजारी ठेवा, कारण खरी गंमत तिथेच आहे. कच्च्या तेलाचा बाजार जागतिक आहे, त्यामुळे पंपावरच्या दरांत जो जमीन-अस्मानाचा फरक दिसतो तो मुख्यतः कर आणि अनुदान यांचा. नॉर्वे तेल विकून श्रीमंत झालेला देश, पण तिथे गाडीत पेट्रोल महागच भरावं लागतं. अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर अडकलाय, म्हणजे लिटरला पाच सेंटही नाही (राज्यांचा कर त्यावर वेगळा). युरोपीय संघाच्या नियमानुसार पेट्रोलवर लिटरला किमान ०.३५९ युरो शुल्क घ्यावंच लागतं, त्यावर पुन्हा मूल्यवर्धित कर (व्हॅट), आणि तो शुल्काच्या रकमेवरही! भारतात पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर, प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा, म्हणून राज्याची सीमा ओलांडली की पाटीवरचा आकडा बदलतो.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. जिथे लिटरमागे ठरलेली मोठी रक्कम कर म्हणून जाते तिथे कच्चं तेल भडकलं तरी पंपावरचा दर टक्केवारीत कमी हलतो. कमी कराच्या देशात तोच भडका थेट अंगावर येतो. त्यामुळे तेल स्वस्त असतानाच्या दिवसाचा तक्ता आणि महाग असतानाचा तक्ता यांत प्रदेशांमधली अंतरं सारखी दिसणार नाहीत. तारीख प्रत्येक ओळीत लिहा.

प्रतिसाद ३

नुसती तारीख नाही, वेळसुद्धा! जर्मनीत एकाच पंपावर दिवसातून अनेकदा दर बदलतो. २०१३ पासून पंपांना प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो, म्हणून तिथली अ‍ॅप्स एवढी ताजी असतात. सकाळच्या गर्दीच्या वेळचा आणि संध्याकाळचा दर वेगळा सापडेल. याच्या उलट टोक म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया. तिथे २००१ पासून फ्यूएलवॉच योजना आहे. पंपानं उद्याचा दर आज दुपारी २ पर्यंत कळवायचा आणि तो सकाळी ६ पासून २४ तास हलवायचा नाही. त्याच देशात सिडनी-मेलबर्नला मात्र दर कित्येक आठवड्यांच्या लाटांमध्ये चढतो-उतरतो. एका दिवसाचा दर घेऊन "सिडनी महाग" म्हणालात तर कदाचित तुम्ही फक्त लाटेचा माथा पकडलेला असेल. सरासरी घ्या.

भारतात १६ जून २०१७ पासून रोज सकाळी ६ ला दर बदलण्याची पद्धत आली. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने आकडा जागचा न हलल्याचंही आपण पाहिलंय, तो भाग निराळा.

प्रतिसाद ४

लिटर हे माप बरोबर आहे का, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर: नाही. आपल्याला लिटर नको असतो, किलोमीटर हवा असतो.

ब्राझीलचे गाडीवाले हे कधीच शिकलेत. तिथे २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. पंपाशी उभं राहून लोक मनात हिशोब करतात, इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. कारण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे जिथे पेट्रोलमध्ये इथेनॉलचं मिश्रण जास्त तिथे त्याच लिटरमध्ये अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळणार. दहा टक्के मिश्रणात ऊर्जा तीनेक टक्के घटते. दोन प्रदेशांच्या दरात दोन टक्क्यांचा फरक असेल आणि मिश्रण वेगळं असेल तर तुमची "स्वस्त" बाजू महाग निघू शकते. डिझेलचं उलट, लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जास्त. म्हणून पेट्रोल-डिझेल एका यादीत मिसळू नका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्रतिसाद १ चं खरं आहे, मला मुळात कर मोजायचा नव्हता. प्रवासात सीमेच्या अलीकडे भरावं की पलीकडे, एवढंच हवं होतं. तक्ता आपोआप फुगत गेला. मग स्वस्त पंपासाठी वळसा किती परवडतो, याचं काही सूत्र आहे का?

प्रतिसाद ४

आहे, आणि चलन बदलायची गरजसुद्धा नाही. दरातला फरक टक्क्यांत काढा. ४० लिटर भरायचे आहेत, पलीकडे ५ टक्के स्वस्त आहे, म्हणजे साधारण २ लिटरचे पैसे वाचले. गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देते, तर २ लिटर म्हणजे ३० किलोमीटर. जाऊन-येऊन ३० चा वळसा पडला की बचत शून्य. रांगेतला वेळ, टोल वेगळे. टाकी अर्धी भरलेली असेल तर १५ किलोमीटरलाच खेळ खलास. वाटेतच पंप असेल तर मात्र विचारूच नका, तिथेच भरा. लक्झेंबर्ग या युरोपातल्या छोट्या देशात शेजारच्या देशांतल्या गाड्या आणि ट्रक टाकी भरायला थांबतात ते याच कारणानं.

प्रतिसाद ५

पाटीवरचा दर तुम्हाला मिळणार का, तेही बघा. हंगेरीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलला लिटरमागे ४८० फोरिंटची (तिथलं चलन) कमाल मर्यादा घातली. शेजारचे लोक भरायला येऊ लागले. मे २०२२ पासून परदेशी नंबरप्लेटला तो दर बंद. पुढे टंचाई झाली आणि डिसेंबरात मर्यादाच काढली. इराणात महिन्याच्या कोट्यापर्यंत एक दर, पुढे त्याहून जास्त. जगातल्या "सर्वात स्वस्त" देशांच्या याद्यांत अशा ओळी बिनदिक्कत असतात.

धागाकर्ता

हंगेरीची जुनी ओळ उडवली. रकाने आता असे: दर, तारीख-वेळ, ऑक्टेन, मिश्रण, माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज, किलोमीटरचा खर्च. क्रम पुन्हा बदलला! एकच शंका उरली, सीएनजी किलोवर विकतात, ते यात कुठे बसवू?

प्रतिसाद ३

सगळीकडे किलोवर नाही. अमेरिकेत "एका गॅलन पेट्रोलइतकी ऊर्जा" या मापानं विकतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, मालक.