दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल नेमकं किती मिली?

प्रश्न: बाळ दीड वर्षाचं, ताप 102. घरात ड्रॉप्स आणि सिरप दोन्ही आहेत. डोस वयावर ठरवायचा की वजनावर?

प्रतिसाद 1: वजनावरच. किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोला 150. घोळ होतो तो मिलीत. सिरप 5 मिलीत 250 मिलिग्रॅमचं असेल तर 3 मिली. ड्रॉप्स 1 मिलीत 100 चे असतील तर दीडच मिली. तेच ड्रॉप्स 3 मिली दिले की डोस दुप्पट! बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचा, मोजायला सिरिंज घ्या, चहाचा चमचा नको. दोन डोसांत 6 तास ठेवा. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

प्रतिसाद 2: बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, बाळ कुडकुडतं आणि आतून आणखी तापतं. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. 103 असून खेळणारं बाळ परवडलं, 101 ला मलूल पडलेलं नाही.

प्रश्नकर्ता: डॉक्टरकडे कधी न्यायचं?

प्रतिसाद 1: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 दिसला की लगेच. मोठ्या बाळाला 8 तास लघवी नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तरीही लगेच.

प्रतिसाद 2: झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबला नाही तर ॲम्ब्युलन्स.