कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट: एक्स्पोझिशन दोनदा का येतं?

मंद्रसप्तक (प्रश्न)
साधा सोनाटा फॉर्म कळतो: एक्स्पोझिशनमध्ये थीम्स (मुख्य धुना) मांडायच्या, डेव्हलपमेंटमध्ये खुलवायच्या, रिकॅपिट्युलेशनमध्ये परत आणायच्या. मोझार्टचा ए मेजर पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना; त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक के. ४८८, १७८६) स्कोअर (छापील स्वरलिपी) समोर ठेवून ऐकतोय, पण पहिल्या मूव्हमेंटचा (भागाचा) हिशेब जुळत नाही. ऑर्केस्ट्रा सगळं एकदा वाजवतो, मग पियानो तेच पुन्हा वाजवतो. ही नुसती पुनरावृत्ती समजायची का? आणि पियानोचा भाग संपल्यावर एक अगदी नवी धून येते, ती कुठल्या भागात धरायची?

सुरावट
धुनांपेक्षा 'सा' कुठे आहे ते बघा. बार (स्वरलिपीतला तालाचा एक खण) ३१ आणि बार ९९ शेजारी ठेवा. दोन्हीकडे दुसरी थीम, धून तीच. पण ३१ ला ती ए मेजरमध्ये आहे (ए हा 'सा'), ९९ ला ई मेजरमध्ये (ई हा 'सा'). म्हणजे ऑर्केस्ट्राचे पहिले ६६ बार घर, म्हणजे मूळचा 'सा' ए, सोडत नाहीत. बार ६७ ला पियानो येतो आणि घर सोडून पंचमावर मुक्काम हलवण्याचं काम तो करतो. ऑर्केस्ट्रानेच आधी ई मेजर गाठला असता, तर पियानोच्या वाट्याला ते नाट्य आलंच नसतं.

फसायला होतं ते बार ३० ला. ऑर्केस्ट्रा ई च्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) येऊन थांबतो आणि वाटतं की 'सा' बदलला. पण ती अर्धी कडन्स (वाक्याच्या मध्येच घेतलेला विराम) आहे, पुढच्याच बारला परत ए. आता ९८ बघा: तिथे थांबा बी च्या कॉर्डवर आहे. बी हा ई चा पंचम, म्हणून तिथून ई मेजर खरोखर उघडतो. अवांतर शार्प (सूर चढवणारी) चिन्हं मोजत बसू नका, थांबा कुठल्या कॉर्डवर आहे तेवढं पाहा.

तारषड्ज
नव्या धुनेबद्दल. पियानोच्या एक्स्पोझिशनचा शेवट ट्रिलवरून ओळखायचा: नव्या 'सा'च्या वरच्या 'रे'वर लांब ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची जलद अदलाबदल), आणि ती सुटली की पूर्ण ऑर्केस्ट्रा. इथे तो १३७ ला येतो, काही बार जोरात वाजतो आणि वाक्य अर्धवट टाकून गप्प होतो. त्या शांततेनंतर १४३ ला स्ट्रिंग्ज नवी धून हळूच सुरू करतात. 'सा' अजून ई च, म्हणून ती एक्स्पोझिशनच्या शेपटाला धरा. मात्र पुढचं डेव्हलपमेंट हिच्यावरच उभं आहे, पहिल्या दोन थीम्सवर नाही. ही मला या मूव्हमेंटमधली सगळ्यात सुंदर जागा वाटते.

रिकॅपिट्युलेशन १९८ ला. तिथे दोन्ही एक्स्पोझिशन एकात विणली आहेत: थीम ऑर्केस्ट्रा सुरू करतो, पियानो ती पुढे नेतो. नवी धूनही परत येते, आता ए मेजरमध्ये.

मंद्रसप्तक
वा, ९८ ची जागा लगेच सापडली. कडेन्झा (शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबून पियानो एकटाच वाजतो ती जागा) नेमकी कुठे धरायची?

सुरावट
बार २९७, फर्माटाखाली (थांबून राहण्याचं चिन्ह). वर ए आणि सी शार्प असल्यामुळे कॉर्ड घरचा वाटतो, पण बेसमध्ये ई आहे, म्हणून तो शेवट ठरत नाही, लटकत राहतो. तो लटकता कॉर्ड सोडवायचं काम कडेन्झाचं. या कॉन्चेर्टोत ती मोझार्टने स्वतःच लिहून ठेवली आहे. शेवटी पुन्हा ट्रिल, मग ऑर्केस्ट्रा.

तारषड्ज
हा साचा सगळीकडे लावू नका. बेथोव्हेनच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोत (सी मायनर) ऑर्केस्ट्राच दुसरी थीम ई फ्लॅट मेजरमध्ये नेतो. चौथ्यात पियानो एकटाच सुरुवात करतो आणि ऑर्केस्ट्रा थेट बी मेजरमध्ये उत्तर देतो. मेंडेलसनच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोत तर ऑर्केस्ट्राचं एक्स्पोझिशनच नाही, आणि कडेन्झा रिकॅपिट्युलेशनच्या आधी येते. तिथे ३१-९९ सारखी जोडी शोधाल तर मिळणार नाही.