शब्दचर्चा : बाहुलीचा ‘फेसअप’ म्हणजे रंगकाम, रेखणी की रंगभूषा?

रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या कडक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या) सांधेदार बाहुल्यांचे चेहरे पुन्हा रंगवून जिवंत कसे करतात, यावर मराठीत टिपण लिहितेय. माहिती आहे, शब्दांपाशी गाडी अडते. ‘बॉल जॉइंटेड डॉल’ला काय म्हणावं? ‘रीपेंट’ आणि ‘फेसअप’ असे दोन शब्द ठेवायचे की एकात भागेल? ‘लाइफलाइक’ला ‘हुबेहूब’ चालेल का? सध्या ‘पुनर्रंगकाम’ लिहिलंय, पण ते वाचलं की बाहुलीभोवती परांची बांधल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद

पहिल्याचं उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे : उखळीचा सांधा. गोल टोक खोबणीत बसतं आणि सगळीकडे फिरतं, तो. ‘उखळी सांध्यांची बाहुली’ म्हणा, एकदा खुलासा केला की पुढे नुसतं ‘सांधेदार बाहुली’ पुरे. गंमत म्हणजे माणसाचा गुडघा आणि कोपर बिजागरीचे असतात, या बाहुल्यांना मात्र तिथेही गोळाच. सगळे अवयव आतून ओवलेल्या इलॅस्टिकच्या ताणावर उभे असतात.

जर्मन कलावंत हान्स बेलमर यांनी 1930च्या दशकात उखळी सांध्यांची बाहुली केली होती. आजचा छंद मात्र जपानच्या व्होल्क्स कंपनीने 1999 साली आणलेल्या ‘सुपर डॉल्फी’पासून फोफावला.

प्रतिसाद

रीपेंट आणि फेसअप वेगळे ठेवाच. फॅशन बाहुलीचा चेहरा कारखान्यात छापलेला असतो. तो पुसून नवा काढला तर रीपेंट. रेझिनची बाहुली बऱ्याचदा कोऱ्या चेहऱ्याची येते, त्यावर पहिल्यांदा काढतात तो फेसअप. तिथे ‘पुन्हा’ कशाला? आणि रंग ‘पुसणे’ नको, ‘उतरवणे’ लिहा. पुसणं ओल्या फडक्याचं काम. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, कोपऱ्यांत कापूस गुंडाळलेली काडी फिरवावी लागते. रेझिनवर ॲसिटोन लावायचं नाही, हेही त्याच वाक्यात टाका. ते पृष्ठभागच खातं.

प्रतिसाद

मूर्तिकामात ‘रेखणी’ म्हणतात. डोळ्यांची रेखणी. तयार शब्द सोडून कुठे जाताय?

प्रतिसाद

शब्द देखणा आहे, पण या बाहुल्यांचे डोळे रंगवतच नाहीत हो! काचेचे किंवा ॲक्रिलिकचे डोळे डोक्याच्या आतून पुट्टीने (मऊ, चिकट लगद्याने) बसवतात. रंगतात त्या पापण्यांच्या कडा, भुवया, ओठ, नाकपुड्या. पापण्यांचे केस सगळ्यात शेवटी चिकटवायचे. रेखणी म्हणजे रेघांचं काम, आणि ते एकूण कामाचा एक भाग. भुवईचा केस न् केस टोकदार वॉटरकलर पेन्सिलीने ओढतात, तिथे ‘रेखणी’ अगदी चपखल. बाकी चेहरा रेघांचा नसतोच.

आधी मॅट फवाऱ्याचा एक हात देतात. रेझिन गुळगुळीत, त्याला धर नसतो. या थरामुळे खरखर येते आणि पावडर धरते. मग सुक्या पेस्टल खडूची खरवडलेली पूड मऊ ब्रशने चढवायची, पुन्हा फवारा, पुन्हा पूड. हवा दमट असली तर फवाऱ्याचा थर पांढुरका पडतो आणि सगळं उतरवून मुळापासून सुरुवात. (फवारताना श्वसनमास्क हवाच, साधा कापडी नव्हे.) यातलं ‘हात’ आणि ‘धर’ तुमच्या टिपणात जरूर घ्या. ‘कोटिंग’ आणि ‘ग्रिप’ची गरज उरणार नाही.

प्रतिसाद

एवढं सगळं असताना ‘रंगभूषा’ कुणालाच कसं आठवलं नाही? फेसअप हा शब्दच मेकअपवरून पडलाय. नटाची रंगभूषा उतरते आणि दुसऱ्या भूमिकेसाठी नवी चढते, इथेही तेच. एकच साचा, एकदा पंधरा वर्षांचा मुलगा, एकदा म्हातारी. करणाऱ्याला ‘रंगभूषाकार’ म्हणता येतं, ‘पुनर्रंगकामकार’ म्हणून बघा जमतंय का! रीपेंटला ‘नवी रंगभूषा’ म्हटलं की दोन्ही प्रश्न मिटले.

मूळ प्रश्नकर्ती

रंगभूषा घेतला! रेखणी भुवयांपुरता ठेवते. आता ‘ब्लशिंग’ आणि ‘लाइफलाइक’ राहिले. अंगाच्या ब्लशिंगला ‘लाली’ लिहू का?

प्रतिसाद

फिकट रेझिनला लाली ठीक. गुडघे, कोपरं, बोटांची पेरं, टाचा यांना लाली चढवली असं सहज म्हणता येतं. सावळ्या रेझिनवर तोच फिका गुलाबी खडू लावला तर राख फासल्यासारखी दिसते, कारण त्यात पांढरा मिसळलेला असतो. तिथे विटकरी किंवा जांभळट तपकिरी लागतो, त्याला लाली कसं म्हणणार? ‘छटा देणे’ दोन्हीकडे चालेल.

‘हुबेहूब’ मात्र काढून टाका. अरबी ‘हू’ म्हणजे ‘तो’. हुबेहूब म्हणजे अगदी तोच. त्याला समोर कुणीतरी मूळ लागतं. ही बाहुली कुणाची प्रतिकृती नसते, मग हुबेहूब कुणासारखी? तिला ‘जिवंत वाटणारी’ म्हणा. जिवंत वाटतं ते बहुतेक वेळा नीटनेटकेपणा मोडल्यामुळे. त्वचा सगळीकडे एका रंगाची केली की प्लॅस्टिकच दिसतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात मांसल गुलाबी ठिपका, पापणीवर जेमतेम दिसेल अशी निळसर शीर, नाकपुडीत काळ्याऐवजी गडद तांबूस, खालच्या पापणीच्या कडेवर चकचकीत वॉर्निशची बारीक रेघ. ही शेवटची रेघ ओढली की काचेचा डोळा ओला दिसतो. मला विचाराल तर सगळ्या कामात तीच खरी करामत. पण ती डोळा बाहेर काढून ओढायची, नाहीतर वॉर्निश काचेला लागतं.

प्रतिसाद

जाता जाता : दुरुस्तीचा भाग लिहिणार असाल तर रंग ‘उडणे’, ‘निघणे’ आणि ‘पिवळं पडणे’ एकमेकांत मिसळू नका. उन्हाने रंग उडतो म्हणजे फिका होतो. हाताळून किंवा विगच्या घासण्याने निघतो, तेव्हा खालचं रेझिन उघडं पडतं. आणि अतिनील किरणांनी पिवळं पडतं ते रेझिन स्वतः, रंग नव्हे. पहिल्या दोन्हींना नवी रंगभूषा हाच उपाय. तिसऱ्यात कितीही रंगभूषा केली तरी चेहरा आणि मान यांचे रंग जुळत नाहीत. आधी सँडपेपरने वरचा थर घासून काढावा लागतो, तोही ओला करून, म्हणजे धूळ उडत नाही.