पाँटियाकचा जनसागर मोठा, की १९८९ मधील त्या तीन लढती? (एक चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे नाव)

उत्तररात्र

ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की सगळे २९ मार्च १९८७ या एकाच दिवसापाशी येऊन थांबतात. मिशिगनमधील पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये झालेला तिसरा रेसलमेनिया (व्हिन्स मॅकमहन यांच्या संस्थेचा वार्षिक कुस्ती सोहळा), प्रेक्षकांचा जाहीर केलेला ९३,१७३ हा आकडा (तो ७८ हजारांच्या आसपास असावा असे मानणारे अभ्यासकही आहेत) आणि हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटल्याचा क्षण, एवढ्यावर त्या साऱ्या काळाची किंमत ठरवली जाते. मला हे मान्य नाही. होगन आणि आंद्रे यांची ती लढत सुमारे बारा मिनिटांची असून, त्यातला मोठा भाग आंद्रेने होगनला कवेत आवळून धरण्यात जातो. कुस्ती म्हणून ती रटाळ आहे.

त्या काळाचे खरे धन मला रिक फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट या मल्लांच्या १९८९ मधील तीन लढतींत दिसते. २० फेब्रुवारीला शिकागोत स्टीमबोटने विजेतेपदाचा पट्टा जिंकला, २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये तीनपैकी दोन डावांच्या, सुमारे पंचावन्न मिनिटे चाललेल्या लढतीत तो राखला आणि ७ मे रोजी नॅशव्हिलमध्ये गमावला. या तिन्ही लढती सलग पाहाव्यात. पहिल्या लढतीत फसलेला डाव दुसरीत नव्या रूपाने येतो, दुसरीत दुखावलेला अवयव तिसरीत आठवणीने हेरला जातो, आणि छातीवर बसणाऱ्या थपडांचा आवाज वाढत जातो तसा दोघांमधील आदर संपत चालल्याचे निवेदकाने न सांगताही कळते.

शेवटाचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. नॅशव्हिलमध्ये स्टीमबोट आपटण्यासाठी उचलू लागला, तेव्हा फ्लेअरने त्यालाच गुंडाळून त्याचे खांदे टेकवले. पाँटियाकला १९८७ मध्ये याच स्टीमबोटने रँडी सॅव्हेजला नेमके असेच हरवले होते. ज्या डावाने त्याने एक पट्टा मिळवला, त्याच डावाने दोन वर्षांनी दुसरा गेला.

रंगपीठ

आपण डाव मोजत आहात, पण मी प्रेक्षागृह मोजतो. व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आपल्यालाही मान्य आहे. मग तिचे मोल ठरवताना प्रेक्षकाला बाजूला कसे सारता येईल? न्यू ऑर्लिन्सच्या ज्या लढतीची आपण एवढी थोरवी सांगता, ती सुपरडोमसारख्या अवाढव्य वास्तूत बहुतांश रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली.

याउलट पाँटियाकला होगनने सुरुवातीलाच आंद्रेला उचलण्याचा प्रयत्न केला, त्याची कंबर खचली आणि तो राक्षसी देह त्याच्यावर कोसळला, त्या क्षणी सारे प्रेक्षागृह श्वास रोखून राहिले होते. पुढचा सगळा वेळ एकाच प्रश्नाचा आहे: हा माणूस पुन्हा धाडस करील का? जिला आपण रटाळ म्हणता ती मिठी त्या प्रश्नाला ताणून धरते. ती काढून टाकली, तर शेवटची आपट निव्वळ ताकदीचे प्रदर्शन ठरेल.

उत्तररात्र

त्या प्रश्नाचा पायाच बनावट होता, याचे काय? आंद्रेला पंधरा वर्षांत कोणी हरवले नाही आणि कोणी उचलून आपटले नाही, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात खुद्द होगनने त्याला ऑगस्ट १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये आपटले होते आणि १९८६ मध्ये जपानात अँतोनियो इनोकी या मल्लासमोर आंद्रेने शरणागती पत्करली होती.

रिकाम्या खुर्च्यांचे कारणही सांगायला हवे. २ एप्रिल १९८९ याच दिवशी अटलांटिक सिटीत होगन आणि सॅव्हेज यांचा पाचवा रेसलमेनिया होता. मॅकमहन यांची संस्था आणि फ्लेअर व स्टीमबोट जिच्याकडून लढत होते ती प्रतिस्पर्धी संस्था यांच्यातील ही चढाओढ जुनीच होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, या प्रतिस्पर्धी संस्थेचे तेव्हाचे मालक जिम क्रॉकेट यांचा स्टारकेड हा वार्षिक सोहळा ठरलेला असताना व्हिन्स मॅकमहन यांनी त्याच दिवशी सर्व्हायव्हर सिरीज हा आपला कार्यक्रम आणला आणि दोहोंपैकी एकच कार्यक्रम दाखवा, अशी अट केबल कंपन्यांना घातली. पुढच्या जानेवारीत क्रॉकेट यांच्या सशुल्क कार्यक्रमासमोर मॅकमहन यांची रॉयल रंबल फुकट दाखवली गेली. क्रॉकेट यांनीही मार्च १९८८ मध्ये चौथ्या रेसलमेनियाच्याच दिवशी फ्लेअर आणि स्टिंग यांची पंचेचाळीस मिनिटांची बरोबरीची लढत फुकट दाखवून उत्तर दिले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना आपली संस्था दूरचित्रवाणी उद्योजक टेड टर्नर यांना विकावी लागली. व्यापारातील हार ही कलेतील हार मानू नये, एवढीच माझी विनंती आहे.

तालीम सोमवार पेठ

दोघांचाही आदर राखून एक हरकत नोंदवतो. आपल्याकडे निकाली कुस्ती आणि नुरा कुस्ती यांत भेद करतात, आणि नुरा हा शब्द कोणी कौतुकाने उच्चारत नाही. तालमीत पहाटे हजार जोर मारलेला गडी लाल मातीत उतरतो, तेव्हा कोण चितपट होणार हे त्याच्या वस्तादालाही ठाऊक नसते. ज्यात ही अनिश्चितता नाही, तिला कुस्ती म्हणणे मला जड जाते. फेब्रुवारी १९८९ मध्ये मॅकमहन यांच्या संस्थेने न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आपला खेळ हे मनोरंजन असल्याचे उघड मान्य केले, तेही राज्याच्या क्रीडा नियंत्रणातून आणि करातून सुटण्यासाठी. मग आपणच तिला कुस्ती म्हणण्याचा आग्रह का धरावा?

रंगपीठ

नुरा कुस्ती निंद्य ठरते ती निकाल ठरवल्यामुळे नव्हे, तर निकाली म्हणून तिकीट विकून प्रेक्षकाला फसवल्यामुळे. १९८९ च्या त्या कबुलीनंतर फसवणुकीचा आरोप उलट सैल होतो. शिवाय हे दोन आखाडे इतके परके नाहीत. नॅशव्हिलच्या लढतीत निकाल गुणांवर लावण्याची वेळ आलीच, तर त्यासाठी तीन पंच बसवले होते आणि त्यांतले एक होते जुने विजेते मल्ल लू थेझ. १९६८ मध्ये मुंबईत दारासिंग यांनी ज्यांना हरवले, तेच हे थेझ.

सावनी

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात डाव आहेत, प्रेक्षक आहेत, संस्थाही आहेत, पण शरीरे नाहीत. आंद्रेला अवयवांची वाढ न थांबण्याचा आजार होता. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो पाँटियाकला कंबरेभोवती आधारपट्टा बांधून रिंगमध्ये उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी गेला. डायनामाइट किड या मल्लाची पाठ १९८६ च्या डिसेंबरमध्ये रिंगमध्येच निकामी झाली आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्याने चाकाच्या खुर्चीत काढली. हे मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार होते, म्हणून संस्थेवर त्यांच्या आजारपणाची किंवा निवृत्तीची जबाबदारी नव्हती. १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युरा या मल्लाने मल्लांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला आणि ती बातमी होगननेच मालकाच्या कानी घातली, हे पुढे न्यायालयातील साक्षीतून बाहेर आले.

स्टीमबोटचेच पाहा. पाँटियाकच्या सॅव्हेजविरुद्धच्या लढतीतील प्रत्येक हालचाल दोघांनी आधी क्रमवार लिहून, एकमेकांची परीक्षा घेत पाठ केली होती. साडेचौदा मिनिटांच्या त्या कामासाठी आजही त्यांचे नाव घेतले जाते. पण बाळंतपणाच्या वेळी पत्नीजवळ राहता यावे म्हणून त्याने रजा मागितली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्याकडून पट्टा काढून घेण्यात आला. उत्तररात्र, तुम्ही पंचावन्न मिनिटांचा गौरव करता तेव्हा त्या मिनिटांची किंमत कोणी मोजली, हेही लिहा.

उत्तररात्र

सावनीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री होगन आणि आंद्रे यांची लढत पुन्हा पाहिली. पहिल्यांदा ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भावाने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिली होती आणि तेव्हा हातातल्या, मल्लांची चित्रे असलेल्या ट्रम्प कार्डांवरची उंची आणि वजने पडताळण्यापलीकडे माझे लक्ष नव्हते. काल मात्र मी फक्त आंद्रेचे हात पाहत राहिलो. संधी मिळेल तेव्हा ते दोराकडे जातात आणि शरीराचा भार दोरावर टाकतात. ती लांबलेली मिठी हा त्याला उभे राहता यावे म्हणून शोधलेला मार्ग असावा, असे आता वाटते. शेवटी होगनने उचलले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या त्या पाठीवर पडणे त्याने स्वतः पत्करले होते.

फ्लेअर आणि स्टीमबोट यांच्या तीन लढतींविषयीचे माझे मत कायम आहे आणि रंगपीठ यांच्याशी माझा वाद चालूच राहील. पण पहिल्या प्रतिसादात वापरलेला ‘रटाळ’ हा शब्द मी मागे घेतो.