मदत हवी आहे (डिसेंबर २०२५): नवऱ्याने सोडलेल्या बाईची लाडकी बहीण ई-केवायसी कशी करायची?

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींसाठी विचारतेय. मावशी मूळच्या सुरगाण्याकडच्या, राहायला नाशिकमध्ये पेठरोडला फुलेनगरात. योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांच्या खात्यात १५०० रुपये येतात. आता ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ई-केवायसी करायची आहे, नाहीतर हप्ता बंद.

अडचण अशी की बाईचा स्वतःचा आधार टाकून भागत नाही. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागतात आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. मावशींचा नवरा पोरगी लहान असतानाच वापीकडे गेला, तिकडे त्याचा दुसरा संसार आहे. तो ओटीपी सांगणं दूरच, फोन उचलला तरी नवल. वडील गावी वारले, नोंद कोणी केलीच नाही.

नवरा किंवा वडील हयात नसतील, घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद किंवा कोर्टाचा आदेश द्या, अशी सवलत सरकारने दिली आहे. मावशींकडे यातलं काहीच नाही. आणि २८ जून २०२४ च्या जीआरमध्ये पात्र महिलांच्या यादीत परित्यक्ता (म्हणजे नवऱ्याने सोडलेली) स्पष्ट लिहिलंय! विधानसभा तोंडावर होती तेव्हा हमीपत्रावर सही घेऊन फॉर्म भरून घेतले. पुरुषांनीही पैसे उचलल्याचं निघालं, त्यामुळे चाळणी लावली हे समजू शकते. पण जीआरमध्ये जिला घेतलंय तिच्यासाठी पोर्टलवर रकाना नको?

सेतूवाला म्हणतो अंगणवाडीत विचारा, अंगणवाडी ताई म्हणतात आम्हाला वरून काही आलेलं नाही. नगरसेवकाकडे जावं तर मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासकच आहे. निवडणुकीचे इच्छुक मात्र गल्लीत रोज येतात, कॅलेंडर देऊन जातात.

असं कोणाचं काम झालंय का? कुठे, कोणता कागद दिला? (२१०० रुपयांच्या आश्वासनाचं काय झालं यावर कृपया इथे भांडू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.)

गोदाकाठ: वडिलांच्या दाखल्याच्या मागे आत्ता लागू नका. वर्षावरची मृत्यूनोंद ग्रामसेवकाच्या हातात नसते, तहसीलदारांकडे जावं लागतं. त्यात मालेगावच्या बनावट जन्मदाखल्यांच्या प्रकरणानंतर २०२५ मध्ये सरकारने उशिराच्या नोंदींचे नियम फार कडक केलेत. तिकडच्या भानगडीचा भुर्दंड सुरगाण्याच्या बाईला. ३१ तारखेच्या आत होणं अवघडच.

काळा कोट: सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्थानक) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पोटगीचा अर्ज टाका, त्यासाठी घटस्फोट झालेला असावा लागत नाही. आदेश महिन्याभरात येणार नाही. पण दाखल अर्जाची प्रत, जीआरची प्रत आणि मावशींचं साधं निवेदन महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात द्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढे हप्ता थांबला तर लोकशाही दिनात (जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकतात तो दिवस) तीच पोच दाखवता येईल. १८१ या महिला हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून ठेवा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. जीआरची प्रत आजच काढते. पोटगीचं मावशींना विचारलं तर त्या घाबरल्याच. खोलीचं लाइटबिल अजून नवऱ्याच्या नावावर आहे. कोर्टाची नोटीस गेली की तो इथे येऊन खोलीवर हक्क सांगेल, मग १५०० साठी डोक्यावरचं छप्पर जायचं, असं त्यांचं म्हणणं. काळा कोट, अर्ज टाकण्याआधी या खोलीचं काही करून ठेवता येईल का?